क्लबच्या इतिहासातलं माझं पान

लंडनजवळ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये माझं कपड्यांचं होलसेलचं गोदाम आहे. सौदा करताना मी समोरच्याला रडवतो, अशी माझी ख्याती आहे आणि ती मीच पसरवली आहे. मला राग लवकर येतो, हे मात्र इतरांनी पसरवलं.

इतकं असून आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत माझा फोटो आजवर आलेला नाही. गणपतीत स्टेजचे पडदे माझे, स्वयंसेवकांचे टी-शर्ट माझे. पानभर फोटो मात्र स्टॅनमोरच्या डॉक्टरांचे, कारण त्यांनी येऊन समई पेटवली. मी शेवटच्या पानावर, ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतकां’मध्ये. त्यातलाही नेमका कुठला, ते कोणी सांगत नाही.

हे गाऱ्हाणं गोदामात सगळ्यांना पाठ होतं. माझ्या बल्गेरियन फोरमनला तर जास्तच, कारण चहाच्या सुट्टीत मी त्याला ते ऐकवायचो आणि तो मला त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास ऐकवायचा. तंबाखूच्या वखारीतल्या कामगारांनी काढलेला क्लब. सरकार बदललं की क्लबचं नाव बदलायचं, जर्सी तीच राहायची. एकदा राजधानीतल्या बड्या टीमशी सामना पडला, तेव्हा असं धुकं उतरलं की अर्धं मैदान दिसेना. यांच्या खेळाडूनं त्या धुक्यात गोल केला, पण रेफरीला तो दिसलाच नाही.

“पण आम्ही पाहिला, बॉस,” फोरमन सांगायचा.

“तू तेव्हा केवढा होतास?”

“मी जन्मलो नव्हतो. पण आमच्या गावात तो सगळ्यांनी पाहिलाय.”

इतकी वर्षं एक अन्याय उराशी धरून बसलेला क्लब. माझं आणि त्यांचं जमणारच होतं.

फोरमनचा मामा, इतिहासाचा निवृत्त मास्तर, या क्लबवर पुस्तक लिहीत होता. पुस्तक म्हटल्यावर माझे कान टवकारले. एका गिऱ्हाइकानं परत केलेल्या नारिंगी जर्स्या माझ्याकडे पडून होत्या. मी फोरमनकरवी निरोप धाडला: अख्ख्या टीमला जर्सी देतो, पुस्तकात माझ्यावर पानभर छापा, फोटोसकट. मामा लगेच हो म्हणाला. त्यानंच मी बेचैन झालो. पहिल्याच बोलीला समोरचा हो म्हणतो, तेव्हा आपण कमी मागितलेलं असतं.

मग मी वाढवून मागायचं ठरवलं. आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात, हात जोडलेले, हसरे. तसा मीही त्या गावात लागायला हवा होतो. पण तिकडे फ्लेक्स छापायचा खर्च कोण करणार? म्हणून साधा ए-फोर कागद घेतला. रंग महाग, म्हणून काळा-पांढरा. मध्ये पासपोर्टचा फोटो, उठून दिसावा म्हणून भोवती जाड काळी चौकट. खाली फोनवरून भाषांतर करून घेतलेलं वाक्य: ‘गाव आपली मदत सदैव स्मरणात ठेवील.’ फोरमन तेव्हा स्पेनला सुट्टीवर होता, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं, आणि विचारण्याची मला सवयही नाही. गोदामाच्या ईमेलवरून मी तो कागद थेट क्लबच्या ऑफिसला पाठवला. सोबत दोन ओळी: गावभर लावा. मैदानाच्या गेटवर, बस स्टँडवर, झाडांवर.

पुढच्या रविवारी गोदामाच्या ईमेलवर क्लबचा व्हिडिओ आला. माझ्या जर्सीतली टीम आणि समोरची टीम मैदानाच्या मध्यभागी कडं करून माना खाली घालून उभी. प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढलेल्या.

“बघ,” मी बायकोला म्हटलं, “याला म्हणतात मान. डॉक्टरांना कधी मिळाला असला?”

तिनं चष्मा लावून पाहिलं. “अहो, तो कडेचा डोळे पुसतोय का?”

“भावुक लोक आहेत.”

सोमवारी फोरमन रुजू झाला. मी त्या कागदाची एक प्रत फ्रेम करून ऑफिसात लावली होती. त्यानं ती पाहिली, टोपी काढली, मग माझ्याकडे पाहिलं आणि टोपी परत घातली.

“बॉस, हा कागद आमच्याकडे माणूस मेल्यावर लावतात.”

फोन लावून मी मामावर इतका ओरडलो की पॅकिंगवाली माणसं दारात जमली. फोरमन मध्ये उभा राहून भाषांतर करत होता, आणि ते माझ्या बोलण्यापेक्षा बरंच थोडक्यात होत होतं.

“मामा म्हणतो, आवाज छान खणखणीत आहे. चूक सुधारू, पुस्तक अजून प्रेसला गेलेलं नाही. पण एक अडचण आहे. तो तेव्हा हो म्हणाला होता, पण कमिटीनं नंतर ठरवलं: पूर्ण पान फक्त दिवंगतांना. जिवंत देणगीदार मागच्या यादीत असतात. टायरवाला आणि खाटीक यांच्या मधे एक ओळ मोकळी आहे.”

पुन्हा ज्ञात-अज्ञात. मी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं.

“मामा विचारतोय, काय करू?”

“फोटो रंगीत छापणार का, विचार.”

“दिवंगतांचे काळे-पांढरेच.”

“मग पान उजव्या हाताचं पाहिजे, पुस्तक उघडलं की आधी दिसणारं.”

तेवढं मी मिळवलं.

पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. धुक्यातल्या गोलाचा अख्खा धडा आणि त्याला लागून उजव्या हाताला मी. मजकूर मला वाचता येत नाही. फोरमननं एकदाच वाचून दाखवला: ‘शांत स्वभावाचे होते. देताना कधी घासाघीस केली नाही.’ त्याचं हसू थांबेपर्यंत मी त्याला दोनदा कामावरून काढून टाकलं.

मंडळात ते मिरवावं असं फार वाटतं. पण त्या डॉक्टरांच्या वॉर्डात एक बल्गेरियन नर्स आहे, म्हणून धीर होत नाही.

या हिवाळ्यात क्लबला गोलकीपरचे हातमोजे हवे होते. खोक्यावर नाव कोणाचं घालायचं, असा प्रश्न आला. मी पाठवणं आता बरं दिसलं नसतं.

“माझं घाला,” बायको म्हणाली. “टायरवाल्याच्या आणि खाटकाच्या मधली ओळ मला चालेल. घरातलं कोणीतरी जिवंतांत असू दे.”