डगसाहेब आणि कबड्डीचा बॉल

शारजात चार मराठी माणसं जेवायला बसली की बिर्याणी संपते, पण डगसाहेबांचे किस्से संपत नाहीत. बायको म्हणते, अल मजाजचा फ्लॅट लहान पडतो तो या किश्शांमुळेच.

डगसाहेब हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पाइप फॅक्टरीत सेफ्टी मॅनेजर होते. मूळचे अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू. गुडघा गेला तेव्हा शाळेत कोच झाले. शाळेची टीम बंद झाली, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे आले.

*

कामगारांच्या कॅम्पमागच्या वाळूत आमची कोकणातली मंडळी शुक्रवारी कबड्डी खेळायची. साहेब पहिल्यांदा बघायला आले, तर एकावर सातजण पडलेले. त्यांनी विचारलं, "व्हेअर इज द बॉल?"

आमचा कॅप्टन, चिपळूणचा सदाशिव, म्हणाला, "साब, जिसको पकडा वोही बॉल."

त्याच दिवशी साहेब आमचे कोच झाले.

*

सदाशिवने एकदा विचारलं, खेळ का सोडलात? साहेबांनी पँट वर करून शिवलेला गुडघा दाखवला. सदाशिवने लुंगी वर करून आपला दाखवला.

मग साहेबांनी सगळ्यांना बजावलं, "युवर नी इज युवर व्हिसा." पुढे महिनाभर पकड शिकवलीच नाही, नुसतं पडायला शिकवलं. एकाचाही गुडघा गेला नाही. मी अकाउंट्समध्ये बसायचो, तरी त्याचा अभिमान मलाच जास्त.

*

साहेबांचा नियम असा, की खेळाआधी गोल करून डोकी जुळवायची, प्लॅन ऐकायचा आणि एकत्र ओरडून सुटायचं. काय ओरडायचं ते मात्र सांगितलं नव्हतं. मग सदाशिव म्हणाला, "गणपती बाप्पा," आणि बाकीचे, "मोरया!"

साहेबांना वाटलं, हे पकडीचंच नाव. ते बाहेरून "गनपटी बापा" ओरडले की आमचे सातही जण झडप घालायला शिकले. साहेबांची चूक सुधारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

*

मग जनरल मॅनेजरना आमच्या कबड्डीच्या जागेत पाइप ठेवायचे होते. ते म्हणाले, "शेजारच्या कंपनीला हरवा, ग्राउंड तुमचं. नाहीतर खलास."

शेजारची टीम सगळी कोल्हापूरकडची. दर वर्षी आम्हालाच लोळवायची.

शेवटची चढाई, गुण बरोबरीत. त्यांचा तात्या, पहिलवान गडी, "कबड्डी कबड्डी" करत आत शिरला. आमच्यातल्या कोणाचं पाऊल पुढे पडेना. साहेब लंगडत रेषेपर्यंत धावले आणि जीव खाऊन ओरडले, "गनपटी बापा!"

"मोरया!" म्हणाला तात्या.

दम तुटला. पंचाने शिट्टी मारली, तात्या बाद, ग्राउंड आमचं.

सदाशिवने साहेबांना खांद्यावर घेतलं. सगळे नाचत होते आणि साहेब वरून मला विचारत होते, "बट हू टोल्ड हिम अवर प्ले?"