फुकटचा कांदा आणि माझी शेवंती

माझी घोडी शेवंती आज सकाळी गेली. माझ्या काटकसरीने गेली.

"वय झालं असेल, मॅडम" असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका. वय झालं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सायखेड्याला गावाबाहेर राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या ह्यांना घोड्यांचा भारी नाद. येवल्याच्या बाजारातून शेवंतीला घेऊन आले तेव्हा मी चांगला अबोला धरला होता. घरात वॉशिंग मशीन नाही आणि दारात घोडी!

मग ह्यांना अटॅक आला. घरात आम्ही दोघीच उरलो.

माझा धाकटा भाऊ प्रमोद नाशिकहून दर रविवारी फोन करायचा.

"ताई, विकून टाक तिला. एकट्या बाईच्या पगारात घोडी सांभाळणं म्हणजे काय खेळ आहे का?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते "एकट्या बाईच्या" मला फार लागायचं. मीही हट्टाला पेटले. घोडीही सांभाळेन आणि वर शिल्लकही टाकून दाखवेन, म्हटलं.

आणि दाखवलीच की! पगार झाला की आधी आरडी. मग शेवंतीचा हरभरा, कडबा, नाल ठोकणाऱ्याचे पैसे. त्यातून राहील त्यात माझं घर.

निफाडचा बाजार उठता उठता भाजी घ्यायची, म्हणजे स्वस्तात मिळते. दिवाळीला साडी नाही. त्याचं मला दुःख नव्हतं, उलट मजा यायची. "एक बाई, एक घोडी, एक पगार" असं लिहून इथेच पोस्ट टाकायचे. तुम्ही कौतुक करायचात आणि मी हरखून जायचे.

कौतुकाची चटक लागली मला, दुसरं काय.

यंदा कांद्याचे भाव पडले. शेजारचे आप्पा कांदाचाळीतला खराब कांदा निवडून बांधावर ओतत होते.

"न्या की मॅडम. आमच्या गाया खात्यात. लय चारा वाचंल तुमचा."

"घोडीला चालतो का पण, आप्पा?"

"आता जनावरच हाय ना ते. न चालायला काय झालं?"

आप्पांना दोष देऊ नका. त्यांनी जन्मभर गाई-म्हशी सांभाळल्या. घोडी माझी होती. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, आणि मी तो लावला नाही.

शेवंतीने पहिल्यांदा कांद्याच्या घमेल्याला नाक लावलं आणि तोंड फिरवलं.

मी काय करावं? कांदा बारीक चिरला, कडब्याच्या कुट्टीत कालवला, वरून गूळ फोडून टाकला.

"नखरे करू नकोस," म्हटलं तिला. वर्गात पोरांना म्हणते त्याच आवाजात.

मग खाल्लं तिने. रोज खाल्लं.

हरभरा निम्म्यावर आणला. आरडी वाढवली. प्रमोदला मुद्दाम फोन करून सांगितलं, "बघ, जवळजवळ फुकटात सांभाळतेय तुझी ती न परवडणारी घोडी."

कांदा खातानाचा तिचा फोटो इथे टाकला होता. किती हार्ट आले त्याला! "मॅडम, मॅनेजमेंट शिकावं तर तुमच्याकडून."

तो फोटो आज काढून टाकलाय. तो बघून कुणी आपल्या घोड्याला कांदा घालत असेल तर प्लीज, आत्ताच बंद करा. ही पोस्ट मुख्य त्यासाठी लिहितेय.

नंतर नंतर ती मान खाली घालून उभी राहायला लागली. मला वाटलं, उन्हाने असेल. लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली तेव्हा कुठे मी घाबरले आणि डॉक्टरांना बोलावलं.

त्यांनी तिचा ओठ उलटून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक.

"खायला काय देताय?"

मी सांगितलं.

डॉक्टरांनी तिचा ओठ सोडला. मग म्हणाले, "मॅडम, कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आधी एक फोन करायचा होता."

सलाईन लावली, इंजेक्शनं झाली. काल संध्याकाळी माझ्या हातून तिने थोडा हिरवा मका खाल्ला. मला वाटलं, वाचली.

आज सकाळी चहा टाकून बाहेर आले तर आडवी पडलेली. माझी चाहूल लागली तसा तिने एक कान हलवला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तशीच गेली.

एवढं सगळं होऊन माझ्या चाहुलीवर कान हलवला हो तिने.

आप्पांनीच जेसीबी बोलावला. खड्ड्यात मीठ टाकलं. मी तिला हळद-कुंकू लावलं, ह्यांची शाल पांघरली. आप्पा टोपी हातात धरून लांब उभे होते, जवळच येईनात. शेवटी मीच गेले आणि म्हटलं, "आप्पा, तुमचं काही चुकलं नाही." त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

दुपारी प्रमोद आला. मला वाटलं, आता हा मला ऐकवणार. ऐकवायलाच हवं होतं.

त्याने फावडं उचललं. माती लोटायला मदत केली, हात-पाय धुतले, माझ्या शेजारी ओट्यावर बसला. मग अगदी हळू म्हणाला,

"ताई, पैसे कमी पडत होते तर मला सांगायचं होतंस ना गं."

मला रडूच फुटलं.

कमी पडत नव्हते रे, प्रमोद.

कधीच कमी पडत नव्हते.

शेवंती, तुझ्यापुढे हात जोडते. जा गं बाई, सुखाने जा.