‘थोल’चं मूळ मला कुणी दाखवलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

मी नागपुरात एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. जुन्या शब्दांची जाणकार म्हणून माझा थोडाफार बोलबाला आहे, आणि तो सुरू झाला ‘थोल’ या क्रियापदापासून. थोल म्हणजे सोसणे. पुस्तकी इंग्रजीतून ते कधीच हद्दपार झालं. स्कॉटलंडकडे मात्र अजून माणसं थंडी ‘थोलतात’, दुखणं ‘थोलतात’. यावर मला चर्चासत्रात बोलायचं होतं आणि चार ओळींपुढे गाडी सरकत नव्हती.

नंदनवन वस्तीत आमच्या शेजारी वामनकाका राहतात. इतवारीच्या धान्यबाजारात मापारी होते — सगळा जन्म पोती काट्यावर चढवण्यात गेला. शाळा अर्धवट सुटलेली, पण शब्दांचं भारी वेड. त्या संध्याकाळी फाटकाशी उभे राहून म्हणाले, “आज कोणता शब्द घेऊन बसली वं पोरी? मलेही सांग नं.”

मी सांगितला, अर्थासकट.

“मंग हा आपल्या तोलण्याचाच भाऊ दिसते. उचलल्याबिगर वजन समजते काय? सोसणं म्हंजे दुसरं काय, उचलून धरणंच नं!”

मी हसले. कीव आल्यासारखी हसले — हो, तसंच. मग आत जाऊन कोश उघडला. काका बरोबर होते! दोन्ही शब्दांचं मूळ एकच, आणि त्याचा अर्थ उचलणे.

चर्चासत्राला त्यांना मीच बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या रांगेत बसले. भाषण रंगलं. अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? एक नाव घ्यायचं होतं. कितीसा वेळ लागला असता? पण त्या सभागृहात, त्या विद्वानांपुढे, एका मापाऱ्याचं नाव घ्यायची — मला लाज वाटली.

“संस्कृत वाचताना सुचलं,” मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. काकाही वाजवत होते.

परतताना ऑटोत ते एवढंच बोलले, “चांगलं बोलली वं पोरी.” पुन्हा कधी विषय काढला नाही. फाटकाशी येणंही थांबवलं नाही. शब्द हातात घेऊन कसा बघायचा ते मला त्यांनी शिकवलं, कुठल्याही प्राध्यापकानं नाही. माझी पुढची सगळी व्याख्यानं त्या गप्पांतूनच उभी राहिली. फार मिळालं मला त्यांच्याकडून, आणि ते आठवलं की आजही मन भरून येतं.

गेल्या आठवड्यात सीताबर्डीत माझं व्याख्यान झालं. काका आले होते. मी त्यांचं नाव घेतलं नाही.