पी.पी. मोबाइल

पनवेलच्या एका गॅस एजन्सीसाठी मी ग्राहकांच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा मोबाइल नुकते कुठे दिसू लागले होते. नंबर बरोबर आहे का, हे तपासणारी एक ओळ, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, मी नवीनच शिकलो होतो. आधी ९८, मग आठ आकडे, पुढेमागे काही नाही. चुकीचा नंबर टाकला की स्क्रीन लाल व्हायची आणि मला नाचावंसं वाटायचं.

पहिल्याच दिवशी मी स्वतः काउंटरवर बसलो होतो, तेव्हा मिठागराकडच्या गावातला एक माणूस शेजारणीच्या नव्या गॅससाठी नाव नोंदवायला आला. शर्टाच्या खिशातून मोबाइलची अँटेना बाहेर आलेली आणि हात सारखा त्या खिशावर, तान्ह्या बाळाला थोपटावं तसा. नंबर सांगून म्हणाला, "फुडं पी.पी. लिवा."

शेजाऱ्याच्या फोनवर निरोप घेणारे तेव्हा नंबरापुढे पी.पी. लिहीत. मी तसं टाकताच स्क्रीन लाल झाली.

"काका, मोबाइलला पी.पी. नसतं. तो तुमचा एकट्याचा."

"फोन माजा हाय, पन नंबर आळीचा. पी.पी. नाय लिवलं तर शेजारची वैनी फोन घ्याया लाजंल."

तो काउंटरवरून हलेना. शेवटी मी त्या ओळीत पी.पी.साठी जागा केली. स्क्रीन हिरवी झाली, तसे आम्ही दोघेही हसलो.

गॅस मंजूर झाल्यावर मी हौसेने स्वतःच फोन लावला. "थांबा हां," तो म्हणाला, आणि धावणारी पावलं, बाजूला पळणाऱ्या कोंबड्या ऐकू येऊ लागल्या. आजवर पी.पी.चा फोन आला की माणसं फोनकडे धावत. इथे फोनच धावत निघाला होता. मी रिसीव्हर धरून उभाच राहिलो.

"वैनी," तो धापा टाकत ओरडला, "तुजा फोन."