लोह्यातला य

माझं गाव लोहा. नांदेडहून लातूरला जाताना वाटेत लागतं, आणि बहुतेकांना ते वाटेत लागतं एवढंच ठाऊक असतं. गाडी थांबते, कोणी भजी घेतं, कोणी आडोसा शोधतं, गाडी सुटते. नांदेडला शिकायला आलो तेव्हा होस्टेलची पोरं विचारायची, "माळेगावच्या जत्रेतून सुटून आला काय?" माळेगावची जत्रा आमच्याच तालुक्यातली, आणि तिथं गाढवांचा बाजार भरतो हे त्या पोरांना पक्कं माहीत. मी हसण्यावारी न्यायचो. आतून जळायचो. गावाचं हे आधी सांगतोय, कारण त्याशिवाय एका अल्बमसाठी चांगला शिकलासवरलेला माणूस असा वेडा कसा झाला, हे कोणाला पटायचं नाही.

शिक्षण संपवून मी नांदेडलाच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागलो. लॅबचा नवा बोर्ड करायचा होता म्हणून डॉक्टरांनी मला जुन्या नांदेडातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात पाठवलं. दुकानदार माझ्याच वयाचा. त्याचे आजोबा त्याच जागी पाट्या रंगवायचे, उर्दू, मराठी, इंग्रजी, जी सांगाल ती. नातवानं तिथं कॉम्प्युटर आणि मशीन आणून बसवलं. त्याचा एक नियम होता. छापायच्या आधी गिऱ्हाइकाला समोर बसवून अक्षर न् अक्षर वाचायला लावायचा. "साहेबाच्या वाढदिवसाला साहेबाच्या नावातला काना गेला ना, तर साहेबाची पोरं माझी काच फोडतेत," असं म्हणायचा. मी आमच्या डॉक्टरांचं नाव आणि डिग्र्या मोठ्यानं वाचत होतो, आणि मागं बारीक आवाजात काहीतरी वाजत होतं.

मराठीतलं रॉक. पुण्याकडच्या चार पोरांचा बँड, नऊ गाण्यांचा अल्बम. गिटार घासल्यासारखी, गाणाऱ्याचा आवाज नुकताच झोपेतून उठल्यासारखा. मी वाचता वाचता थांबलो, कारण तो आवाज म्हणत होता:

सामान काही घेऊ नको,
लोह्याची गाडी लागली.

नांदेडच्या स्टँडवर हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. लोह्याची गाडी लागली का, लोह्याची गाडी किती नंबरला लागते. आणि सामान घेऊ नको हेही बरोबरच, त्या गाडीत माणसाला उभं राहायला जागा नसते. पण हे सगळं कोणीतरी गिटारवर म्हणत होतं, तेही असं कळवळून. मी म्हणालो, "हे परत लावा." त्यानं लावलं. मी पुन्हा म्हणालो, "परत." तो खुर्चीत वळला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसला. "तुम्ही लोह्याचे काय?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो, आणि अंगावर मूठभर मांस चढलं. चार मुलखांत नाव असलेल्या गावच्या माणसाला हे कळायचं नाही.

तिथून मैत्री झाली. अहो-जाहो आठवड्यातच गेलं. रविवारी बाजार बंद असायचा तेव्हा त्याच्या दुकानात शटर अर्धं पाडून आम्ही तो अल्बम पहिल्या गाण्यापासून नवव्यापर्यंत लावायचो. मधलं गाणं उडवायचं नाही, असा दंडक. हळूहळू माणसं जमली. फार्मसीला शिकणारी एक मुलगी आली, बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला आली होती ती तिथंच रमली. मुखेडचे एक मास्तर यायचे, चांगले पन्नाशीचे, बायकोला नांदेडला दवाखान्यात काम आहे असं सांगून. आम्ही भांडायचो कशावरून, तर पाचव्या गाण्यात जो खोकला ऐकू येतो तो गाणाऱ्याचा की ढोलकवाल्याचा. ड्रमवाला म्हणा, मास्तर दुरुस्त करायचे. सातव्या गाण्यात शब्दच नाहीत, नुसती गिटार. तिथं कोणी बोललं की मुलगी चहा पाजायची शिक्षा द्यायची. आणि ज्याला फक्त शेवटचं, गाजलेलं गाणं माहीत असायचं, त्याला आम्ही दारात उभं करायचो नाही. एवढा माज मी आयुष्यात दुसऱ्या कशाचा केला नाही.

पण तिसरं गाणं माझं होतं. ते लागलं की सगळे माझ्याकडं बघायचे आणि ती ओळ आली की सगळे माझ्यासाठी ओरडायचे, "लोह्याची!" गाणारा कधीतरी या रस्त्यानं गेला असणार, यावर मी भाषणं दिली. रात्रीची शेवटची गाडी चुकली असंल, कोणी मुलगी असंल, असा सगळा इतिहास मी रचला. मास्तर मान डोलवायचे. लॅबमध्ये लोह्याकडचा पेशंट आला की सुई टोचताना मी त्याला गाणं सांगायचो. गावात तर विचारूच नका. फोनवर आईला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या गाडीचं गाणं? येळंवर येत न्हाई म्हणून केलंय का?" मग तिनं ते गल्लीभर सांगितलं. चहाच्या टपरीवाल्यानं सकाळी सकाळी ते गाणं मोठ्यानं लावायला सुरुवात केली. लोक मला थांबवून विचारायचे, "ते आपलं गाणं करणारं पोरगं कोण्या घरचं?"

बँड लातूरला येणार असं कळलं तेव्हा मी वेडाच व्हायचा राहिलो होतो. एका कॉलेजच्या गॅदरिंगला, दुपारी, बाहेरच्यांनाही प्रवेश. टी-शर्ट करायची कल्पना माझी. काळ्यावर पिवळ्या अक्षरांत 'लोह्याची गाडी'. माझ्या मित्रानं चार टी-शर्ट छापले. त्या दिवशी त्यानं मला अक्षरं वाचायला लावली नाहीत. घाईत असेल असं मला वाटलं.

लातूरच्या पोरांना नांदेडवाल्यांचं तसंही कौतुक नसतं. मार्कांच्या गावची पोरं ती. तरी आम्ही चौघं टी-शर्ट घालून पुढं घुसलो. पहिली दोन गाणी मी ऐकलीच नाहीत, तिसऱ्याची वाट बघत होतो. ते सुरू झालं, ओळ आली, आणि मी पोटापासून ओरडलो, "लोह्याची!" शेजारच्या तिघांचा आवाज नेहमीसारखा आला नाही, पण तेव्हा ते ध्यानात कुठं येतंय.

गाणाऱ्यानं हात वर करून गाणं थांबवलं. वाकून आमच्या छातीवरचं वाचलं.

"एक मिनिट. लोह्याची? ते लोहाची आहे," तो माइकवर म्हणाला. "लोह. म्हणजे लोखंड. लोखंडाची गाडी. गाणं खरं तर मरणाबद्दल आहे, सामान काही घेऊ नको, म्हणजे बरोबर काही न्यायचं नसतं." मग त्यानं हसून विचारलं, "लोहा असं गाव आहे का? कुठे आलं?"

मागून कोणीतरी ओरडलं, "एस्टी थांबती तिथं!" अख्खा हॉल हसला. गाणारा वाईट माणूस नव्हता. "पण तेही छानच आहे, चालेल," असं म्हणून त्यानं गाणं पुढं सुरू केलं. त्याचं ते चालेल मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. आमचं गाव त्यानं एक चूक म्हणून चालवून घेतलं होतं.

तरी एवढ्यावर भागलं असतं. हसं झालं तर झालं, चौघांचं मिळून झालं, असं म्हणत मी आमच्या लोकांकडं वळलो. आणि तिघंही माझ्याकडं बघत होते. असं काही अचानक कानावर आलं तर माणूस बोलणाऱ्याकडं बघतो. हे तिघं गाणाऱ्याकडं बघतच नव्हते. मुलीचे डोळे भरले होते. मास्तरांनी माझी नजर मिळताच बुटाकडं बघितलं. मित्र नुसता उभा होता, पोरगं पडताना दिसतंय पण हात पोचत नाही अशा तोंडानं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो आणि चाकूर मागं पडेपर्यंत रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजत राहिलो. मग विचारलं, "कधीपासून?"

मुलगीच बोलली. "दादा, दोन वर्षं झाली. बँडनं गाण्याचे शब्द नेटवर टाकले होते. मी ह्यांना दाखवले."

"आणि?"

तिनं माझ्या मित्राकडं बोट केलं. "हे म्हणले, त्याला सांगू नका."

मास्तर म्हणाले, "आम्हाला वाटलं, कशाला. तुम्ही किती आनंदात असता."

दोन वर्षं! म्हणजे दर रविवारी ती ओळ आली की हे तिघं ठरवून ओरडत होते. लहान लेकराच्या लुटुपुटीच्या दुकानात मोठी माणसं गिऱ्हाईक होऊन जातात, तसे. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि खाली उभं राहून मान डोलवली. टिंगल केली असती तर मी ती सोसली असती, टिंगलीत मी वाढलोय. त्यांनी माझी दया केली, आणि मी ज्याला मैत्री समजत होतो ती ही होती. मी मित्राला म्हणालो, "एक काना चुकला तर गिऱ्हाइकाला दुकानातून उठू देत नाहीस तू. आणि माझ्या छातीवर जाणूनबुजून चूक छापलीस. केसानं गळा कापलास."

"छापताना दोनदा हात थांबला," तो म्हणाला. "पण यार, तुझं तोंड बघून कोणाची जबान उचलंल? तू सांग."

"माझं तोंड तुला जपायला दिलं नव्हतं."

मागच्या सीटवरची बाई आमच्याकडं पाहत होती. अहमदपूर गेलं. मी नांदेडचं तिकीट काढलेलं असताना लोह्याला उतरलो. कोणी थांबवलं नाही. मित्रानं माझी विसरलेली पिशवी खिडकीतून दिली, मी ती घेतली, वर बघितलं नाही.

आई अंगणात तांदूळ निवडत होती. माझं तोंड बघायच्या आधीच तिनं विचारलं, "म्हणलं का रे त्यांनी आपलं गाणं?"

"हाव, म्हणलं," मी म्हणालो.

"लोक ओरडले का?"

"लई ओरडले."

ती खूश झाली आणि शेजारणीला हाक मारायला उठली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला तेव्हा कळलं. आता इथं मी असं लिहावं, की मग मला मित्राचं मन कळलं आणि राग गेला. तसं झालं नाही. राग वाढला. गल्लीत आईचं हसं झालं असतं तर तिच्या बाजूला मी होतो, तिची लाज माझी लाज होती. त्या तिघांनी मला एकट्याला स्टेजपुढं नेऊन उभं केलं होतं.

मी दुकानात जाणं सोडलं. अल्बम मात्र सुटेना. घरी एकटाच ऐकायचो, आणि तिथं जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. तिसरं गाणं लावलं की स्वच्छ लोहाची ऐकू यायचं. य नव्हताच. डोळे मिटून, आवाज कमी करून, स्टँडवरचा कालवा आठवून, सगळं करून बघितलं. तीन वर्षं जो शब्द मी ऐकला तो कुठं गेला कोणास ठाऊक. गाणं चांगलं आहे, मरणाचं आहे हे कळल्यावर तर जास्तच चांगलं वाटतं. पण ते कोणाचं तरी गाणं आहे.

महिना-दीड महिन्यानं लॅबच्या बिलबुकांसाठी डॉक्टरांनी पुन्हा त्याच दुकानात पाठवलं. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं खुर्ची पुसून पुढं सरकवली, चहा सांगितला. "रविवारी कोणी येत न्हाई आता," म्हणाला. "मास्तर एकदा येऊन गेले. तुझं विचारत होते." वाळला होता जरा. खरं सांगायचं तर मला तो दिसल्यावर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच संताप आला.

तरी मी बसलो. चहा आला. मी म्हणालो, "एक विचारतो. शब्द नेटवर यायच्या आधी तू काय ऐकत होतास?"

"लोहाची," तो म्हणाला.

"सुरुवातीपासून?"

"मी अक्षराचाच धंदा करतो, दोस्ता. मला पहिल्या दिवशीच साफ ऐकू आलं. तू परत लाव म्हणला, तेव्हाही."

म्हणजे दोन नाही, तिन्ही वर्षं. एका शटरखाली, एकाच स्पीकरसमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचो आम्ही, आणि लोह्याचं गाणं मी एकटाच ऐकत होतो.

"एकदा तरी," मी विचारलं, "माझ्यासंगं ओरडता ओरडता एकदा तरी तुला लोह्याची ऐकू आलं असंल की?"

त्यानं कप खाली ठेवला. खरंच आठवून बघितलं, ते मला त्याच्या कपाळावर दिसत होतं. तीन वर्षं माझ्यासाठी खोटं बोललेला माणूस. अजून एकदा, एवढं एक खोटं बोलला असता तर मी त्या रविवारी शटर उचलायला हजर झालो असतो.

"न्हाई," तो म्हणाला.

मी बिलबुकाचा कागद त्याच्यापुढं ठेवला, चप्पल घातली आणि निघालो.