सुगंधाची तिसरी स्लाइड

सुगंधाच्या दंडाला रबराची पट्टी बांधून मी एकाच टेस्टसाठी तिसऱ्यांदा रक्त घ्यायला बसले. तिच्या सासूबाई, राजूअक्का, शेजारी उभ्या होत्या. आधीच्या दोन्ही तपासण्या माझ्याच चुकीने वाया गेल्या होत्या.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्यातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. सुगंधा एकोणीस वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर, शिरपूरकडच्या खेड्यातली. हातपाय असह्य दुखायचे. डोळे पिवळट, हिमोग्लोबिन कमी. मलेरियाच्या आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही फरक नव्हता.

मलेरियासाठी तिच्या रक्ताची स्लाइड बघताना दोन-तीन लाल पेशी मला लांबट, टोकदार दिसल्या. विळ्याच्या पात्यासारख्या. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना दाखवल्या.

"रक्त नीट पसरलं नाहीस," ते म्हणाले. "मलेरियाचे जंतू नाहीत ना? निगेटिव्ह लिही."

लिहिलं. पण पेशी डोक्यातून जाईनात. दुपारच्या सुट्टीत सरांच्या कपाटातलं जाड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचू लागले. चौथ्या दिवशी सिकलिंग टेस्ट सापडली. काचेवर रक्ताचा थेंब, वर पातळ काच, कडा बंद करायच्या. आतला ऑक्सिजन संपला की दोष असलेल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

पहिल्या वेळी कडांना लावलेलं मेण तडकलं, थेंब वाळला. दुसऱ्या वेळी व्हॅसलीन लावलं, पण थेंब मोठा झाला, रक्त बाहेर आलं. सरांना हे कळलं तेव्हा वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "शेजारी तुझंही रक्त लाव. तुलनेला काही नसेल तर काय पाहिलंस ते कळणार कसं?"

तिसऱ्या वेळी अक्कांना मी खरं ते सांगितलं, की दोन्ही वेळा माझं चुकलं.

"ले बाई," त्या अहिराणीत म्हणाल्या आणि सुनेचा हात पुढे केला. "पन काय शे ते माले सांगजो. आतेपावत कोनी सांगं नही."

दुसऱ्या दिवशी माझ्या पेशी गोल होत्या. सुगंधाच्या बहुतेक सगळ्या वाकलेल्या. सर बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी मी घाई केली."

हा पुरा आजार की नुसता वाहकपणा, ते या टेस्टमध्ये कळत नाही. म्हणून नमुना मुंबईला गेला. पुरा आजारच निघाला, सिकलसेल. तो बरा होणारा नव्हता. पण नको असलेलं लोह बंद झालं, फॉलिक ॲसिड सुरू झालं, आणि बाळंतपणाला रक्ताची बाटली तयार राहिली. मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी गेल्या.

अक्कांना मी सगळं समजावून सांगितलं. हे आईबापांकडून येतं, हेही सांगितलं. आठवड्याने त्या सुगंधाच्या दोन्ही बहिणींना तपासायला घेऊन एसटीने हजर.

पुढे तीस वर्षं मी शिकत राहिले, ते या दोघांमुळे. एकाने चूक कबूल केली, दुसरीने माझी चूक पोटात घालून सुनेचा हात पुढे केला. नव्या टेक्निशियनना मी एवढंच सांगायचे, की निगेटिव्ह म्हणजे आपण शोधलं ते सापडलं नाही. पेशंटचं दुखणं अजून तिथेच असतं.