बाबांची गाडी आणि बाईची साक्ष

सुनावणी कुठे घ्यायची हे कोण ठरवतं? ज्याच्या दारात सरकारी गाडी उभी असते, तो. आमच्या भागातल्या गावांना एसटी येते तर येते, नाही तर नाही. सुनावणी मात्र तालुक्याला, कुरखेड्यात, आणि निरोप आदल्या संध्याकाळी. वनहक्काचे दावे तपासणाऱ्या समितीनं गावात यावं, जंगल डोळ्यानं बघावं, एवढी साधी मागणी आमच्या संघटनेनं पत्रकांत किती वेळा छापली! पत्रकं वाटून झाली, सुनावणी कुरखेड्यालाच राहिली. म्हणून त्या सकाळी एका म्हाताऱ्या बाईला मोटरसायकलवर मागे बसवून मी निघाले होते.

या बाईवाचून सुनावणी फुकट होती. शेजारच्या दोन गावांचे वनहक्काचे दावे एका टेकडीपाशी येऊन अडले होते. हे गाव म्हणे टेकडी आमच्या हद्दीत, ते गाव म्हणे आमच्या. बाईचं माहेर एका गावात आणि सासर दुसऱ्यात. टेकडीबद्दल ती सांगेल ते दोन्ही गावांना कबूल होतं. म्हाताऱ्या माणसाची तोंडी साक्ष हा पुरावा धरावा, असं कायद्यात स्वच्छ लिहिलंय. पण पुरावा पोचला तर ना! बाई नसती तर समितीचे साहेब 'हद्द वादग्रस्त' असा शेरा मारून दोन्ही दावे बाजूला टाकणार, आणि पुढचा मोहाचा हंगाम भांडणात जाणार. गावकरी पहाटेच ट्रॅक्टरनं पुढे गेले होते. बाई ट्रॅक्टरवर चढेना.

"हाडं मोडतेत माहे त्याच्यात," ती म्हणाली. "तुह्या फटफटीवर येतो."

फटफटी माझ्या बाबांची. राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत बाबांची सगळी नोकरी याच गाडीवर झाली. आताच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हिच्यात कार्बोरेटर आहे, आणि त्याचं बाबांना फार कौतुक. रविवारी अंगणात पोतं पसरून ते कार्बोरेटर खोलायचे, आणि मी शेजारी बसून त्यातला बारीक पितळी जेट उजेडाकडे धरून भोक मोकळं आहे का ते बघायची. आमचं भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून. "शिकली, आता नोकरी बघ. जंगलात कायले फिरून राह्यली?" हे त्यांचं, आणि "नोकरी करून कोणाचं भलं झालं?" हे माझं. तरी मी इकडे यायला निघाले तेव्हा किल्ली त्यांनीच माझ्या हातावर ठेवली.

तर ती गाडी साल-सागाच्या मधल्या रस्त्यावर छान चालली आणि एकाएकी आचके देऊन बंद पडली.

"काऊन थांबली व?" मागून बाई.

"बघते बाई. उतरा जरा."

टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. झाकण लावलं, प्लग पुसला, किक मारली तर पहिल्याच किकला सुरू! मी खूश. प्लगच खराब होता, म्हटलं. बाईला बसवलं, निघालो. पुढचा नाला ओलांडला आणि पुन्हा तेच आचके, पुन्हा बंद. पुन्हा झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, या वेळी कार्बोरेटरवर दोन बुक्क्याही घातल्या, आणि पुन्हा सुरू. बुक्क्यांनी झालं असं मी समजले. चळवळीत असंच शिकलोय आम्ही, ठोकल्याशिवाय हलत नाही.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ऊन चढलं होतं. मोबाईलला रेंज नाही. बाई मोहाच्या सावलीत बसली आणि तिनं कानामागची बिडी काढली.

"बाई, बिडी नका पेटवू! पेट्रोल आहे इथं."

"चालत तं नाई तुही गाडी. पेट्रोल कुठी आहे तिच्यात?"

प्रश्न बरोबर होता. म्हटलं, आता ठोकाठोकी पुरे, बाबांच्या पद्धतीनं जाऊ. टाकीपासून निघायचं आणि पेट्रोल कुठे अडलं ते बघत खाली यायचं. टाकीखालचा कॉक रिझर्व्हला फिरवला. कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल केला, तर चार थेंब गळले आणि संपलं. म्हणजे वाटी कोरडी. कार्बोरेटर बिचारा निर्दोष, त्याला उगाच बुक्क्या खाव्या लागल्या. मग टाकीकडून येणारी वरची नळी काढली. तिच्यातूनही बारीक धार आली, पातळ झाली, थांबली. टाकीत पेट्रोल आहे, कॉक उघडा आहे, आणि खाली येत नाही! कॉकच्या जाळीत कचरा अडकला असणार. गावातल्या दुकानात बाटलीतून मिळतं ते पेट्रोल, त्यात काय काय असतं देव जाणे. पेट्रोल पंप का नाही आमच्या भागात? कागदावर आम्ही माणसं नाही का? असं बरंच मी मोठ्यानं बोलत होते.

"कोणाले ओरडून राह्यली?" बाई उठून जवळ आली. "इथी तं मीच हावो."

जाळी काढायची तर टाकी रिकामी करावी लागेल. पेट्रोल नक्की किती आहे ते पाहायला मी झाकणाची किल्ली फिरवली. झाकण उचललं आणि आत 'सूंऽऽ' करून हवा ओढली गेली. त्याच क्षणी खाली लोंबणाऱ्या नळीतून धार सुटली ती थेट बाईच्या पायांवर.

"अव माय! मले जाळतं का?" बाईनं लुगडं वर धरून उडी मारली. त्या वयात तेवढी उडी मी पाहिली नव्हती. मी कॉक बंद केला, पाण्याची बाटली तिच्या पायांवर रिकामी केली, बिडी तिच्याकडून काढून घेतली, आणि मग हसतच सुटले. कारण सापडलं होतं. पेट्रोल खाली यायचं तर तेवढी हवा वरून आत जायला हवी. झाकणात त्यासाठी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बंद झालं की टाकी पेट्रोल सोडत नाही. मी झाकण उघडत होते म्हणूनच गाडी दर वेळी चालू होत होती. प्लगचा नि बुक्क्यांचा काही संबंध नव्हता.

भोक कशानं बुजलं? झाकणावर आमच्या संघटनेचं गोल स्टिकर होतं. हिरवं, वर 'जंगल कोणाचं?' असा सवाल. ते मी चिकटवलं नव्हतं. मागच्या खेपेला घरून निघताना बाबांनी गाडी धुतली होती, आणि माझ्या पिशवीतलं स्टिकर काढून झाकणावर बसवलं होतं. किल्लीचं भोक तेवढं ब्लेडनं गोल कापलेलं, कडा अंगठ्यानं दाबून दाबून सपाट केलेल्या. इतके दिवस खालून थोडी हवा शिरत असावी, गेल्या काही दिवसांच्या उन्हानं गोंद पाघळून भोक पुरतं बुजलं होतं. मला एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसाला या गाडीचा नट अन् नट माहीत आहे, त्यानं लेकीच्या कामाचं स्टिकर लावताना हवेचं भोक बुजवलं! नोकरी बघ, नोकरी बघ म्हणणाऱ्या माणसानं!

फाडायला हात धजेना.

"बाई, टाचणी आहे?"

बाईच्या बांगडीला सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्याच. एक तिनं काढून दिली. मी 'कोणाचं'च्या अनुस्वारापाशी स्टिकर टोचलं, पिन भोकातून आरपार फिरवली, नळी बसवली, झाकण लावलं. त्यानंतर गाडीनं एक आचका दिला नाही. बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर रात्रभर झोपणार नाहीत.

कुरखेड्यात पोचलो तेव्हा साहेब खुर्ची मागे सारत होते. दोन्ही गावची माणसं दारात आडवी उभी होती. बाई सरळ आत गेली, पेट्रोलचा वास सोडत, आणि समोरच्या बाकावर बसली.

"टेकडीची हद्द तुम्हाला कशी माहीत?" साहेबांनी पुन्हा बसत विचारलं.

"माह्या लग्नात," बाई म्हणाली. "माहेरचा ढोल येनाच्या झाडापावतर आला. तिथी थांबला. त्याच्या पुढं सासरच्याईनं वाजवला. दुसऱ्याच्या शिवेत आपला ढोल वाजवत नाई आमच्यात."

"आणि ते झाड?"

"टेकडीच्या डोक्यावर. हाय अजून. इकडचा उतार इकडचा, तिकडचा तिकडचा."

दोन्ही गावांना अर्धी अर्धी टेकडी मिळत होती आणि दोन्ही गावांची अर्धी अर्धी जात होती. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मान्य आहे का दोघांना?"

सासरच्या गावचा एक माणूस मान खाजवत म्हणाला, "आमची सून हाय. नाई कसं म्हणू?"

माहेरचा म्हणाला, "आमची तं पोरगीच हाय."

बाईनं दोघांकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"मंग लिहा ना. काऊन थांबले?"